जुन्या बोलेरो पिकअपला नव्या पिढीचा गिअरबॉक्स आणि मागची हौसिंग बसेल का?

केजचा_पिकअपवाला (केज, जि. बीड)

रामराम मंडळी.

माझी बोलेरो पिकअप २००८ ची आहे, डीआय इंजिन, मेकॅनिकल पंपाची. माझ्याकडं तिसऱ्या हातानं आली, त्यामुळं आधी कुणी काय काय बदललंय ते सांगता येत नाही. सोयाबीन-तूर लातूरच्या आडतीला, कांदा सोलापूरला, उन्हाळ्यात टरबूज, आणि लग्नसराईत मंडपाचं सामान असं काम असतंय. इंजिन ठणठणीत आहे, थंडीतबी लगेच उठतंय. त्रास मागं आहे.

तिसरा गिअर निसटायला लागलाय. चढाला नाही, उताराला. मांजरसुंब्याचा घाट भरलेली गाडी इंजिनवर धरून उतरायलो की लिव्हर आधी थरथरतो आणि मग एकदम न्यूट्रलला येतो. एक हात लिव्हरवर दाबून ठेवावा लागतो. दुसरं म्हणजे चाळीसच्या पुढं मागून गुणगुण येते, साठला तर केबिनमध्ये बोललेलं ऐकू येत नाही.

आता मुद्दा असा की अंबाजोगाईच्या आमच्या पाव्हण्याची २०१८ ची पिकअप आहे, बीएस-४, कॉमन रेलवाली. समोरून ठोकली, इंजिनचा पुढचा भाग आणि केबिन गेलं, मागचं सगळं साबूत आहे. ते म्हणायलेत की गिअरबॉक्स, जॉइंट (गिअरबॉक्सपासून मागं जाणारा फिरता दांडा) आणि अख्खी हौसिंग (मागच्या दोन चाकांमधला आडवा एक्सल) चाकांसकट घेऊन जा, पैसे सोयाबीन निघाल्यावर द्या. आमच्याकडचे एक मिस्त्री म्हणतात कंपनी एकच आहे, इंजिनचं सीसी बी तेच २५२३ आहे, बसतंयच. दुसरे म्हणतात हात लावू नको, आहे ती गाडीबी जागेवर बसंल.

मला मनापासून विचारायचंय की हे बसेल का, आणि बसलं तर गाडी सोलापूर-धुळे हायवेला सत्तरला नव्या गाडीसारखी शांत पळेल का? पासिंग जवळ आलंय, कागदाची काही अडचण येते का तेबी कुणाला माहीत असेल तर सांगा.

परभणीचा_दूधवाला (परभणी)

भाऊ, मी बसवलीय. माझी २०१० ची, तिच्याखाली नव्या मॉडेलची पूर्ण हौसिंग घातली. पाट्यांच्या (मागच्या पट्टी-स्प्रिंगांच्या) बैठका कापून परत वेल्डिंग कराव्या लागल्या, ब्रेकचे पाइप नवीन केले, जॉइंट थोडा कमी करून घेतला. गाडी आता पाचव्यात साठ-पासष्टला आवाजच करत नाही. डिझेलचाबी फरक पडला. पाव्हणे उधार द्यायलेत तर सोडू नका, असा माल नंतर मिळत नाही. माझं काम दुधाचे कॅन वाहायचं आहे, रोज सकाळी गावोगाव. मी खूश आहे.

हौसिंग_नाना (लातूर)

केजकर, पहिली गोष्ट, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. तिसरा गिअर उताराला निसटतोय तोवर मांजरसुंबा आणि येडशी भरलेल्या गाडीनं उतरू नका. गिअर सुटला की इंजिनची पकड गेली, तीन टनांचा सगळा भार ब्रेकच्या लायनरवर आला. लायनर तापले की पाय कितीही दाबा, गाडी धरत नाही. पाहिजे तर भाडं सोडा, पण हे काम आधी करा.

माझं आयुष्य गिअरबॉक्स आणि हौसिंग उघडण्यात गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लेथवर घासून आणि वेल्डिंग मारून कुठलीही वस्तू कुठल्याही गाडीखाली बसवता येते. ती भरलेल्या गाडीखाली टिकणार का, ते बघायचं. आणि ते माल उचलायच्या आधी मोजून कळतं. मिस्त्रीनं सांगितलं म्हणून नका घेऊ, मी सांगितलं म्हणूनही नका घेऊ.

सीसी एकच म्हणून गिअरबॉक्स बसेलच, असं धरू नका. सीसी हा सिलिंडरचा हिशोब. गिअरबॉक्स बसतो तो ब्लॉकच्या मागच्या तोंडावर आणि फ्लायव्हीलवर. तिथले बोल्ट, डॉवेल पिना, सेल्फची जागा, फ्लायव्हीलची जाडी, यातलं एकही वेगळं असलं तर काम अडतं. जुन्या जीपवाल्यांना हे चांगलं माहीत आहे. केएमटी-९० चा चार गिअरचा डबा (गिअरबॉक्स) काढून बीए-१० चा पाच गिअरचा डबा घालणारे कितीतरी लोक आहेत, पण पेजो इंजिनची बेल हौसिंग (डबा इंजिनला जोडणारं घंटेसारखं कव्हर) वेगळी आणि डीआयची वेगळी. ज्यानं नुसता डबा विकत आणला त्याचा डबा तसाच पडून राहिला. ज्यानं बेल हौसिंग, फ्लायव्हील, क्लच, लिंकेज असं सगळं एका गाडीचं उचललं, त्याचं काम झालं.

आता मोजायचं कसं. डबा खाली उतरवला की टॉप शाफ्टकडं, म्हणजे डब्यातून इंजिनकडं निघणाऱ्या दांड्याकडं बघा. त्याच्या खाचा मोजा, जाडी कॅलिपरनं घ्या. सगळ्यात सोपं म्हणजे तुमच्या गाडीची क्लच प्लेट पाव्हण्यांच्या डब्याच्या शाफ्टवर घालून बघा, हातानं अलगद सरकली पाहिजे, अडकायला नको आणि खुळखुळायलाही नको. पण बहुतेक लोक इथंच थांबतात आणि पुढचं माप विसरतात. टॉप शाफ्टचं बारीक टोक क्रँकच्या पायलट बेरिंगमध्ये जातं. बेल हौसिंगच्या तोंडावर एक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि शाफ्टचं टोक पट्टीच्या किती बाहेर आहे किंवा किती आत आहे ते घ्या. तसंच इंजिनच्या तोंडावर पट्टी ठेवून पायलट बेरिंग किती खोल आहे ते घ्या. दोन्ही मापं कागदावर शेजारी लिहा. शाफ्ट लांब पडला आणि तळाला टेकला तर बोल्ट आवळताना तो क्रँकला पुढं ढकलतो. गाडी सुरू होते, चालते, आणि काही दिवसांत क्रँकचे थ्रस्ट वॉशर खाऊन टाकते. शाफ्ट आखूड पडला तर टोक बेरिंगमध्ये पुरेसं बसत नाही, क्लच दाबला की करकर येते आणि टॉप शाफ्टचं बेरिंग जातं. जिथं जिथं चांगलं इंजिन गिअरबॉक्स बदलल्यावर बिघडलेलं पाहिलंय तिथं बहुधा हेच माप चुकलेलं होतं.

दुसरी गोष्ट, ती गाडी समोरून ठोकलेली आहे. समोरचा मार इंजिनमधून मागं सरकतो आणि बेल हौसिंगच्या कानांवर येतो. वरून डबा साबूत दिसतो. बेल हौसिंग स्वच्छ धुवा, बोल्टच्या कानांभोवती डिझेल लावा, पाच-दहा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं नीट पुसा आणि त्यावर खडू फासा. कुठं चीर असेल तर पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. रेघ दिसली तर तो डबा पाव्हण्यांनी फुकट दिला तरी नको. टॉप शाफ्ट हातानं फिरवून टोक डुलतंय का तेही बघा.

मागच्या हौसिंगबद्दल. अख्खी हौसिंग घालायची म्हटली तर पाट्यांच्या बैठकांमधलं अंतर, चाकाच्या बोल्टांची संख्या आणि त्यांचं वर्तुळ, ड्रमची रुंदी, हँडब्रेकच्या केबलची लांबी आणि पिनियनच्या फ्लँजची (जॉइंट जिथं बोल्टानं लागतो तिथली) भोकं, हे सगळं जुळायला पाहिजे. बैठक कापून वेल्डिंग करताना पिनियनचा कोन एक-दोन अंश जरी चुकला तरी क्रॉस (जॉइंटच्या टोकांचे सांधे) लवकर जातात आणि ठरावीक स्पीडला गाडी थरथरते. ब्रेकला भार ओळखणारा व्हॉल्व्ह असेल, चेसीसवरून एक दांडी हौसिंगला येते ती, तर तिची जागा पहिल्यासारखीच ठेवा. नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं पावसात घसरतील किंवा भरल्या गाडीला मागचा ब्रेकच पुरणार नाही.

नुसता क्राउन-पिनियन (हौसिंगमधलं मोठं आणि छोटं गिअर) काढून तुमच्या हौसिंगमध्ये घालायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, क्राउन आणि पिनियन ही जोडी एकत्र घासून तयार केलेली असते. दोघांवर जोडीचा नंबर कोरलेला असतो. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन कधीच घालू नका. बसवताना पिनियनची खोली शिमनं (पातळ चकत्यांनी) ठरते, आणि दोघांमधली मोकळीक या मापाच्या हौसिंगला साधारण ०.१५ ते ०.२० मिमी, डायल गेज लावून. मग आमची जुनी पद्धत: शेंदूर तेलात घट्टसर कालवायचा, क्राउनच्या आठ-दहा दातांना ब्रशनं लावायचा आणि क्राउनला थोडा अडवून पिनियन दोन्ही बाजूंनी फिरवायचा. शेंदूर पुसला जाऊन दातावर जो ठसा उमटतो तो दाताच्या मध्यावर यायला पाहिजे. ठसा दाताच्या मुळाशी आला तर पिनियन जास्त आत गेलाय, शेंड्यावर आला तर बाहेर राहिलाय. ठसा नीट येईपर्यंत शिम बदलत राहायचं, कितीही वेळ लागला तरी. जो मिस्त्री हा ठसा न बघता झाकण लावतो त्याच्याकडं हौसिंग देऊ नका.

आणि रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला जॉइंट किती फेरे फिरतो तो आकडा. दूधवाल्या दादांचं म्हणणं त्यांच्या गाडीपुरतं खरं आहे. परभणीचा सपाट मुलूख, कॅनचा हलका भार, तिथं उंच रेशोची (आकड्यानं लहान) हौसिंग चांगलीच वाटणार. तुमच्याकडं कांद्याच्या गोण्या आणि बालाघाटाचा चढ आहे. एकाच मॉडेलला वेगवेगळे रेशो आलेले असतात, त्यात तुमची गाडी तिसऱ्या हातची. म्हणून दोन्ही गाड्यांचा रेशो स्वतः काढा. मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर, पुढच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडा. उचललेल्या चाकावर आणि जॉइंटवर खडूची खूण करा. चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि जॉइंट किती फेऱ्या फिरला ते मोजा. तोच तुमचा रेशो. दोन फेऱ्या यासाठी की एक चाक धरलेलं असताना डिफरन्शियल दुसऱ्या चाकाला क्राउनच्या दुप्पट फिरवतं. हौसिंग उघडी असेल तर मग सरळ दात मोजा, क्राउनचे भागिले पिनियनचे.

आणि आवाजाचं निदान बदलायच्या आधी करा. रेस दिल्यावर गुणगुण आणि पाय काढल्यावर बंद, तर क्राउन-पिनियनच्या पुढच्या बाजूचे दात. पाय काढल्यावर वाढत असेल तर पिनियनचं बेरिंग सैल. दोन्हीकडं सारखाच, आणि वळणावर कमी-जास्त होत असेल तर चाकाचं बेरिंग. गिअर टाकल्यावर खटकन आवाज येत असेल तर क्रॉस. चाकाचं बेरिंग गेलेल्या गाडीची अख्खी हौसिंग बदलायला आलेले लोक मी परत पाठवलेत.

नांदेडचा_वायरमन (नांदेड)

नानांनी सगळं सांगितलं, मी फक्त मीटरचं सांगतो कारण ते सगळे शेवटी आठवतात.

जुन्या गाडीत मीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागून निघते, आत प्लास्टिकचं किंवा लोखंडी छोटं गिअर असतं. नव्यात तिथं सेन्सर येतो, तो पल्स पाठवतो आणि मीटर इलेक्ट्रॉनिक असतं. म्हणजे नवा डबा घातला तर तुमची केबल लावायला जागाच नसेल, असं होऊ शकतं. डबा घेण्याआधी मागच्या बाजूला वाकून तेवढं बघा. सेन्सरवाला असेल तर दोनच रस्ते: त्याच गाडीचं मीटर आणि त्याचं वायरिंगही घ्या, किंवा मागचं कव्हर जुन्या डब्याचं बसतंय का ते तपासा.

आणि डबा तोच ठेवून नुसती हौसिंग बदलली तरी मीटर चुकतं, कारण मीटर जॉइंटच्या फेऱ्या मोजतं. रेशो कमी झाला की त्याच स्पीडला जॉइंट कमी फिरतो आणि मीटर कमी दाखवतं. ड्रायव्हरला वाटतं पन्नास आहे, गाडी असते साठला. टायरचं माप बदललं तर त्याचाही फरक त्यातच मिसळतो. रिव्हर्स लाइटचा स्विचही नव्या-जुन्या डब्याचा वेगळा असू शकतो, कनेक्टर कापून जोडताना टेप नका गुंडाळू, सोल्डर करून स्लीव्ह घाला. पावसाळ्यात खालून चिखल उडतो, टेप टिकत नाही.

कॉमन रेलचं इंजिन घेत नाही आहात ते चांगलं. ते घेतलं असतं तर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), पेडलचा सेन्सर, अख्खं वायरिंग असं सगळं आलं असतं.

पासिंगवाला_जालना (जालना)

कागदाचं मला माहीत आहे तेवढं सांगतो, आमचं रोजचं काम आरटीओतच असतं.

आरसीवर इंजिन नंबर आणि चेसीस नंबर असतो. गिअरबॉक्स आणि हौसिंगचा नंबर आरसीवर येत नाही. त्यामुळं त्याच प्रकारचा डबा खराब झाला म्हणून बदलला तर ती दुरुस्ती. इंजिन बदलणं मात्र वेगळं प्रकरण आहे, ते आरटीओला कळवून आरसीवर चढवावंच लागतं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. म्हणून चेसीस कापणं, हौदा लांब करणं, चाकं रुंद करणं, असलं काही करू नका. पाट्यांच्या बैठका हलवायचा विचार असेल तर करण्याआधी आरटीओत जाऊन विचारा, केल्यानंतर नको. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो, ही गोष्ट लोकांच्या लक्षात राहत नाही.

तुमची गाडी आठ वर्षांच्या पुढची, म्हणजे फिटनेस दरवर्षी. तिथं ब्रेक, हँडब्रेक, मीटर, लाइट बघतात. मीटर बंद असेल तर गाडी परत येते. वायरमन दादांचं म्हणणं त्यासाठी ऐका.

एक आणखी. पाव्हण्यांकडून माल उचलताना साध्या कागदावर का होईना पावती लिहून घ्या, त्यावर त्या गाडीचा नंबर, चेसीस नंबर आणि काय काय घेतलं ते, सोबत आरसीची झेरॉक्स. नातं आहे म्हणून लाजू नका. रस्त्यात कुणी विचारलं तर तुमच्याकडं उत्तर पाहिजे. आणि पाव्हण्यांना सांगा, गाडी पुन्हा रस्त्यावर येणार नसेल तर कलम ५५ प्रमाणं आरटीओला १४ दिवसांत कळवायचं असतं आणि नोंदणी रद्द करून घ्यायची असते. विम्याचा दावा चालू असेल तर तो निकाली निघेपर्यंत गाडीचा एक नटही काढू नका.

केजचा_पिकअपवाला (केज, जि. बीड)

सगळ्यांचे लई उपकार. नाना, तुमचं वाचून घाटाचं भाडं बंद केलं, सध्या केज ते कळंब एवढंच सपाटीचं चालवायलो.

रविवारी मिस्त्रीला घेऊन अंबाजोगाईला जाऊन आलो. पाव्हण्यांचा विम्याचा विषय संपलेला आहे, कागद दाखवले त्यांनी. त्यांची हौसिंग कुणीतरी आधीच उघडून ठेवली होती, म्हणून दात मोजले. क्राउनचे ३७, पिनियनचे ९. घरी आल्यावर माझ्या गाडीचं चाक उचलून बघितलं. दोन फेऱ्यांना जॉइंट पाच फेऱ्यांना थोडा कमी पडतो, खुणेवरून ४.९ च्या आसपास. टायरचा एक फेरा खडूनं जमिनीवर मोजला, २.२ मीटर भरला.

डब्याला डिझेल-खडू केला. खालच्या डाव्या कानापाशी बोटाएवढी रेघ उमटली, स्वच्छ दिसत होती. मिस्त्रीबी गप झाले. मागून बघितलं तर मीटरला सेन्सरच आहे, केबलची जागा नाही.

आवाजाचं म्हणाल तर रेस दिली की येतो, पाय काढला की जवळपास जातो. आता डबा तर नको हे माझं ठरलंय. पण हौसिंगचं काय करू? पाव्हणे अजून द्यायला तयार आहेत, आणि हायवेला शांत पळेल हा मोह सुटत नाही.

हौसिंग_नाना (लातूर)

रेघ दिसली आणि तुम्ही डबा सोडला, फार चांगलं केलं. तो कान पहिल्याच हंगामात तुटला असता आणि तुटताना क्लचसकट गेला असता.

आता तुमच्याच मापांनी हिशोब करू. ३७ भागिले ९ म्हणजे ४.११. तुमचा ४.९. टायरचा फेरा २.२ मीटर, तर ताशी ६० ला, म्हणजे मिनिटाला एक हजार मीटरला, चाक ४५५ फेऱ्या फिरतं. तुमच्या हौसिंगवर जॉइंट तेव्हा मिनिटाला साधारण २२३० फिरतो, त्यांच्या हौसिंगवर १८७०. पाचवा गिअर ०.८ च्या आसपास धरला तर इंजिन तुमचं १७८० वर आणि त्यांच्या हौसिंगनं १५०० वर. रिकाम्या गाडीला १५०० वर साठ म्हणजे शांतता, खरं आहे. पण भरल्या गाडीला पाचव्यात १५०० वर थोडा चढ आला की इंजिन गुदमरतं, धूर सोडतं, आणि तुम्ही चौथा टाकणार. म्हणजे हायवेवर तुम्ही चौथ्यातच राहणार, जी शांतता घ्यायला गेलात ती मिळणारच नाही.

ओढीचं बघा. प्रत्येक गिअरमध्ये चाकावर येणारी ताकद त्याच प्रमाणात घटते, इथं सोळा टक्के. पंधराला एक असा चढ धरा. तीन टनांची गाडी नुसती वर ओढायला २०० किलोचा जोर लागतो, टायर लोळवायला आणखी चाळीसेक किलो. तो चढ आज तुम्ही तिसऱ्यात काढता. सोळा टक्के गेले की मध्येच दुसरा टाकावा लागेल, आणि चढावर भरल्या गाडीला दुसरा टाकताना प्रत्येक वेळी क्लच थोडा जळतो. उतरतानाही तेच, इंजिनची पकड तेवढीच कमी. तुमच्या गाडीला तुमचाच रेशो बरोबर आहे. पाव्हण्यांची हौसिंग ज्याची गाडी रिकामी-हलकी पळते त्याला देऊ दे त्यांना, परभणीकडं गिऱ्हाईक मिळेल.

मीटरही चुकलंच असतं. खऱ्या साठला पन्नासच दाखवलं असतं.

तुम्ही आवाजाचं जे सांगताय, रेस दिल्यावर येतो आणि पाय काढल्यावर जातो, ते क्राउन-पिनियनच्या दातांचं लक्षण आहे. हौसिंग उघडा. दातांवर खड्डे पडले असतील, पापुद्रे सुटले असतील, तर तुमच्याच रेशोची नवीन जोडी घाला, पिनियनची दोन्ही बेरिंगं आणि बाजूची दोन्ही बेरिंगं नवी घ्या, सीलही. दात गुळगुळीत असतील तर नुसती बेरिंगं आणि शिमवर भागेल, शेंदराचा ठसा बघून. जोडी घेताना दात मोजूनच दुकानाबाहेर पडा. खोक्यावर छापलेल्या आकड्यावर नका जाऊ.

तिसऱ्या गिअरसाठी तुमचाच डबा उघडा. बघायच्या जागा: सरकणाऱ्या स्लीव्हचे (गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या कडीचे) आतले दात आणि गिअरचे बाजूचे बारीक दात गोल झालेत का, सिलेक्टरचा काटा एका बाजूनं झिजलाय का, वरच्या झाकणातली गोळी आणि स्प्रिंग मेली आहे का, आणि मेन शाफ्ट पुढं-मागं हलतोय का. उताराला सुटतोय म्हणजे माझा अंदाज स्लीव्ह आणि शाफ्टची हालचाल. स्लीव्ह आणि गिअर दोन्ही बदला. नुसता स्लीव्ह बदलला तर जुने दात नव्यालाही तसंच करतात. डब्याचे आणि इंजिनचे माउंटिंग रबर बघायला विसरू नका, रबर बसलं की लिव्हर आपोआप ओढला जातो आणि लोक डबा खराब समजतात.

पाव्हण्यांकडून काही घ्यायचंच असेल तर पाटे चांगले असतील ते, तेही लांबी, रुंदी आणि मधल्या बोल्टपासून दोन्हीकडचं अंतर जुळत असेल तरच.

केजचा_पिकअपवाला (केज, जि. बीड)

नाना, काम झालं. डबा उघडला तर तिसऱ्याच्या गिअरचे बाजूचे दात गोल झालेले, स्लीव्हबी तसाच, आणि काटा एका बाजूनं चमकायलेला. तिन्ही नवीन घातलं, मेन शाफ्टचं मागचं बेरिंगबी. क्राउनच्या चार-पाच दातांवर खड्डे होते. नवी जोडी आणली, दुकानात काउंटरवरच दात मोजले, ३९ आणि ८, म्हणजे ४.८७५, माझ्या मापाशी जुळलं. मिस्त्रीला शेंदराचं सांगितलं तर म्हणाले एवढं कोण बघतंय. मी म्हटलं मी बघतो. तीनदा शिम बदलून ठसा मध्यावर आला. त्याचा फोटो काढून ठेवलाय.

काल भरली गाडी घेऊन मांजरसुंबा उतरलो, तिसऱ्यात, दोन्ही हात स्टिअरिंगवर. आता ऑईल कुठलं घालू? मिस्त्रींनी दोन्हीकडं एकच, हौसिंगचं घातलंय.

हौसिंग_नाना (लातूर)

गिअरबॉक्समधलं आजच काढा. हौसिंगला ९० नंबरचं, ऑईलच्या कॅनवर जीएल-५ लिहिलेलं असतं ते, बरोबर आहे, क्राउनच्या घासणाऱ्या दातांना तेच लागतं. गिअरबॉक्सला जीएल-४ घाला, ग्रेड गाडीच्या पुस्तकात बघून. जीएल-५ मधली रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळेच्या सिंक्रो रिंगांना (गिअर अलगद पाडणाऱ्या कड्यांना) खाऊ शकतात, तुम्ही नुकताच खर्च केलाय.

नवी जोडी घातली आहे तर पहिले ५०० किलोमीटर अर्धाच भार भरा, आणि लांबचा पल्ला असेल तर मध्ये थांबून हौसिंगला हात लावा. गरम लागणार, पण हात ठेवता येत नसेल तर पिनियनचं बेरिंग जास्त आवळलं गेलंय, लगेच परत उघडा. हजार किलोमीटरला हौसिंगचं ऑईल काढून नवीन घाला. ड्रेन प्लगच्या चुंबकाला काळी मऊ पेस्ट लागली असेल तर ती पुसून प्लग परत लावा, नव्या दातांची तेवढी झीज होतेच. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर मला इथं फोटो टाका.